कच्चं घर, पक्कं घर आणि हसन फथी



प्राथमिक वर्गात परिसर अभ्यास शिकवताना घरांचे प्रकार हा भाग येतोच. मातीचं किंवा कुडाचं घर म्हणजे कच्चं, विटा-सिमेंटचं घर म्हणजे पक्कं. मुलं वहीत दोन रकाने पाडतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण खेड्यातलं एखादं पोरगं मध्येच विचारतं, की आमचं मातीचं घर पणजोबांच्या वेळचं आहे आणि अजून उभं आहे, मग ते कच्चं कसं? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नसतं. आज ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, त्या माणसाचं जवळजवळ सगळं आयुष्य याच प्रश्नापायी खर्ची पडलं. त्यांचं नाव हसन फथी. इजिप्तचे वास्तुविशारद. जगभर आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना त्यांचं नाव माहीत असतं, आपल्या शाळांमध्ये मात्र ते फारसं पोचलेलं नाही.

फथींचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया शहरात झाला. घर खाऊनपिऊन सुखी, किंबहुना श्रीमंतच. घरच्या शेतजमिनी होत्या, पण वडील तिकडे फिरकत नसत. त्यांच्या लेखी खेडं म्हणजे माशा, डास आणि घाण पाणी. आईचं बालपण मात्र खेड्यात गेलेलं, त्यामुळे तिच्या बोलण्यातलं खेडं म्हणजे कोकरं, कबुतरं आणि मोकळी हवा. मुलाच्या मनात ही दोन्ही खेडी राहिली आणि प्रत्यक्षातलं खेडं त्याला दिसलं ते फक्त आगगाडीच्या खिडकीतून. शेतीचं शिक्षण घ्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण प्रवेशाच्या वेळी पिकांबद्दल साधे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं आली नाहीत. मग तो वास्तुशास्त्राकडे वळला. १९२६ साली पदवी मिळाली.

पहिल्या कामांपैकी एक होतं नाईलच्या खोऱ्यातल्या तल्खा गावी शाळा बांधायचं. तिथे जाता-येता गल्ल्यांमधला चिखल, दुर्गंधी आणि खुराड्यांसारखी घरं पाहून तरुण फथी हादरून गेले. पुढे सत्ताविसाव्या वर्षी ते घरच्या एका शेतावर गेले, तर तिथल्या मजुरांची घरंही तशीच. आपल्याच जमिनीवर राबणारी माणसं अशी राहतात आणि आपल्याला पत्ताच नाही, ही टोचणी त्यांना लागली ती कायमचीच.

मग विचार सुरू झाला. या माणसांना चांगलं घर द्यायचं तर ते कशाचं बांधायचं? सिमेंट आणि लोखंड विकत आणावं लागतं आणि ज्याच्या हातात रोकड नाही त्यानं ते आणायचं कुठून? पण शेतकऱ्याच्या पायाखाली नाईलची गाळाची माती आहे. इजिप्तचा शेतकरी हजारो वर्षं त्याच मातीत भुसा कालवून, साच्यात थापून, उन्हात वाळवून विटा करत आला आहे. भट्टी नाही, जळण नाही, वाहतूकही नाही. फथींना वाटलं, उत्तर इथेच पडलेलं आहे आणि शिकलेल्या लोकांना ते दिसत नाही, कारण मातीला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. १९३७ साली त्यांनी मातीच्या विटांच्या घरांची चित्रं काढून प्रदर्शन मांडलं. चित्रं लोकांना आवडली. पण चित्रातल्या घरावर छत असतंच, खऱ्या घरावर ते घालावं लागतं!

खरी अडचण तीच होती. भिंती मातीच्या करता येतात, पण सपाट छताला लाकडी वासे तरी हवेत नाहीतर लोखंड तरी. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इजिप्तमध्ये दोन्हीची टंचाई झाली. १९४१ च्या सुमारास कैरोजवळ बहतीम इथे शेती संस्थेची इमारत बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. भिंती उभ्या राहिल्या. छतही मातीच्याच विटांचं, कमानीसारखं करायचं त्यांनी ठरवलं. पुस्तकात वाचलं होतं, जुन्या काळी व्हायचं हेही माहीत होतं. बांधलं आणि ते कोसळलं. पुन्हा बांधलं, पुन्हा कोसळलं.

वर्गात सांगताना मी या प्रसंगावर जरा थांबते. मुलांना थोरांच्या गोष्टीत सगळं पहिल्या फटक्यात जमलेलं ऐकायची सवय असते. इथे शिकलेला, पदवीधर, चाळिशीचा माणूस हरलेला आहे आणि त्याची अडचण सोडवणारे लोक कुठल्या कॉलेजात नव्हते.

फथींच्या भावानं अस्वानच्या धरणावर काम केलं होतं. त्यानं सांगितलं, की तिकडे नुबियाचे लोक आधाराला काहीही न लावता विटांची कमानदार छतं घालतात. फथी अस्वानला गेले. शहरात काही दिसेना. नदीपलीकडच्या घर्ब अस्वान गावात पाऊल टाकलं आणि समोर ओळीनं पांढरीशुभ्र, नीटनेटकी, उंच घरं, प्रत्येकावर मातीच्या विटांचं कमानदार छत. ही घरं कोणा इंजिनिअरनं बांधलेली नव्हती. गावच्या गवंड्यांनीच बांधली होती.

त्या गवंड्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे कमान बांधायची तर आधी खाली लाकडाचं सेंटरिंग लावतात, त्यावर विटा रचतात आणि सगळं सुकलं की सेंटरिंग काढतात. नुबियाच्या गवंड्याकडे लाकूडच नाही. तो खोलीची मागची भिंत थोडी उंच घेतो आणि तिच्यावर ओल्या मातीनं कमानीची वक्र रेषा नुसत्या नजरेनं काढतो. मग पहिल्या विटा त्या रेषेवर, मागच्या भिंतीला किंचित रेललेल्या ठेवतो. पुढचा थर पहिल्यावर रेलतो, त्याच्या पुढचा दुसऱ्यावर. तिरपं असल्यामुळे ओलं काम घसरत नाही. छतासाठीच्या विटा वेगळ्या असतात, साधारण २५ सेंटीमीटर लांब, १५ रुंद आणि जेमतेम ५ जाड. वजन कमी व्हावं म्हणून त्यांत भुसा जास्त घालतात. वीट ओली असताना तिच्या रुंद बाजूवर बोटांनी दोन चर ओढतात, म्हणजे खालचा चिखल तिला घट्ट धरतो. हत्यार काय, तर वाकसासारखं एक. दोन गवंड्यांनी तीन मीटर रुंदीच्या खोलीचं छत दीड दिवसात पुरं केलेलं फथींनी पाहिलं. मग त्यांनी त्याच गवंड्यांना बहतीमला आणलं. यावेळी छत पडलं नाही.

आता मुलांच्या मनातली शंका घेऊ. मातीची वीट एवढं वजन पेलते तरी कशी? इथे सातवी-आठवीच्या वर्गात छान गणित घेता येतं. तीन मीटर उंचीची मातीची भिंत घ्या. तिच्यातून एक चौरस सेंटीमीटर जाडीचा उभा खांब कापला अशी कल्पना करा. त्याचं घनफळ ३०० घनसेंटीमीटर. एका घनसेंटीमीटर मातीचं वजन १.८ ग्रॅम धरलं तर खांबाचं वजन झालं ५४० ग्रॅम. म्हणजे सगळ्यात खालच्या विटेवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो भार येतो. वर छत आणि माणसं धरली तरी साध्या घरात तो एक-दोन किलोच्या आसपास राहतो. हातानं थापून उन्हात नीट वाळवलेली मातीची वीट सर्वसाधारणपणे दर चौरस सेंटीमीटरला १० ते २० किलो भार सहन करते. मधला १५ धरा आणि मुलांना उलटं गणित घालायला सांगा, की नुसत्या स्वतःच्या वजनानं खालची वीट चिरडायला भिंत किती उंच लागेल? उत्तर येतं ८३ मीटर! अर्थात हे कागदावरचं गणित. भिंत त्याच्या खूप आधी कलेल, वारा आहे, पाया आहे. पण मुद्दा कळतो. येमेनमधल्या शिबाम गावात मातीच्या विटांच्या सहा-सात मजली इमारती आहेत आणि त्या गावाची ती रचना सोळाव्या शतकापासूनची आहे.

मग फथींची पहिली छतं का पडली? कारण मातीची वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. दोन बाजूंना टेकवलेल्या पट्टीवर मध्ये वजन ठेवलं की पट्टी वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. लाकूड आणि लोखंड हा ताण घेतात, मातीची वीट तिथेच तुटते. छताला बरोबर वळण दिलं तर मात्र त्यात ताण उरतच नाही, सगळा भार दाब होऊन भिंतींकडे उतरतो. हे बरोबर वळण कोणतं, ते वर्गात दाखवायला एक साखळी पुरे. दोन टोकांना धरून साखळी लोंबती सोडा. जो झोळ पडतो तो फळ्यावर आखा आणि कागद उलटा करावा तसा मनात उलटा करा. लोंबत्या साखळीत फक्त ताण असतो, उलट्या आकारात फक्त दाब. नुबियाचा निरक्षर गवंडी फळीवर उभा राहून मातीनं भिंतीवर जी रेषा काढत होता, ती जवळपास हीच. आकार चुकला की तीच वीट, तीच माती, तोच गवंडी आणि छत खाली! म्हणून मला वाटतं, विटेची ताकद किती हा प्रश्न अर्धाच आहे. वीट कोणत्या आकारात बसवली हा उरलेला अर्धा.

याचा सगळ्यात जुना पुरावा फथींना लक्सरजवळ मिळाला. रामसेस दुसरा या फॅरोच्या मंदिराभोवती धान्याची कोठारं आहेत, कमानदार छतांची आणि मातीच्या कच्च्या विटांची. या राजाचा काळ इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला. म्हणजे न भाजलेली मातीची वीट तीन हजार वर्षांहून जास्त काळ टिकून आहे. त्या कोरड्या प्रदेशात पाऊस जवळजवळ पडत नाही, हेही त्याचं कारण आहेच. मातीच्या विटेचा खरा शत्रू वजन नसून पाणी आहे, आणि फथींना पुढे पाण्यानंच गाठलं.

त्या कोठारांना लागूनच गुर्ना नावाचं गाव होतं. सुमारे सात हजार वस्ती. गाव वसलेलं होतं डोंगरउतारावर, प्राचीन थडग्यांच्या बरोबर वर. घराच्या मागच्या खोलीतून थडग्यात उतरता यायचं आणि थडग्यातल्या वस्तू विकून कित्येक घरांची चूल पेटायची. एकदा एका नोंद असलेल्या थडग्यातला कोरीव खडकच कापून नेला गेला. बोभाटा झाला आणि पुरातत्त्व खात्यानं ठरवलं, की गाव उठवायचं आणि खाली शेतात नवं वसवायचं. इतक्या लोकांसाठी कमी पैशात घरं कोण बांधणार? फथींचं नाव पुढे आलं. पन्नास एकर जागा मिळाली आणि १९४६ मध्ये नव्या गुर्नाचं काम उभं राहिलं.

फथींनी यात जीव ओतला. सरकारी वसाहतींसारखी एकाच ठशाची रांग त्यांना नको होती. कोणतं कुटुंब कोणाचं नातलग, कोणाकडे किती गुरं, कुठल्या भावकीचं अंगण कुठे उघडतं, हे पाहून ते घर आखत. गावात मशीद, बाजार, मुलांची शाळा, मुलींची शाळा, नाटकगृहसुद्धा. विटा जागेवरच पाडल्या जात. माती, वाळू आणि भुसा पाण्यात कालवून काही काळ मुरू द्यायचा, मग साच्यात घालायचा. मुरलेल्या चिखलाची वीट जास्त चिवट होते, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. अस्वानचे गवंडी शिकवायला आणि गुर्नाची पोरं शिकायला. गावकऱ्यांनी आपलं घर बांधता बांधता कसब शिकावं आणि पुढे सरकारची वाट न पाहता स्वतः बांधत राहावं, असा त्यांचा बेत होता.

बेत तडीस गेला नाही. खात्याखात्यांतली टोलवाटोलवी, उशिरा येणारे पैसे, कागदांवर अडकलेला भुसा, या सगळ्याबद्दल फथींनी पुढे फार कडवटपणे लिहिलं. पण खरी गाठ वेगळीच होती. गुर्नाच्या लोकांना हलायचंच नव्हतं! त्यांची रोजीरोटी त्या थडग्यांवर होती. नव्या जागेत घर छान असेल, पण खायचं काय? त्यातून पुराच्या दिवसांत बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्याचा प्रकारही झाला. १९४८ मध्ये काम थांबलं. आखलेल्या गावाचा थोडासाच भाग उभा राहिला होता.

टीकाकारांनी आणखीही एक गोष्ट दाखवून दिली. त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मनात घुमट म्हणजे संतांची कबर. राहत्या घरावर कबरीचा आकार कोणाला आवडेल? फथींनी नुबियाची सुंदर रीत दुसऱ्या लोकांच्या डोक्यावर ठेवली, असं म्हणता येतं. मला हा आक्षेप बरोबर वाटतो. पण त्यांनी गरिबाच्या घराला जितका वेळ दिला, तितका त्या काळात किती वास्तुविशारदांनी दिला, हेही विचारायला हवं.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगते. सरकारी कामं जवळजवळ बंद झाली. १९५७ पासून काही वर्षं ते ग्रीसमध्ये अथेन्सला एका मोठ्या नगररचना संस्थेत होते, मग परत कैरोला आले. १९६७ साली वाळवंटातल्या खर्गा ओअॅसिसमध्ये बारिस नावाचं नवं गाव त्यांनी बांधायला घेतलं. भाजी-फळं विजेशिवाय थंड राहावीत म्हणून तिथल्या बाजाराला हवा खाली खेचणारे मनोरे केले. तेवढ्यात जूनमध्ये इस्रायलशी युद्ध पेटलं आणि काम थांबलं ते थांबलंच. कैरोच्या जुन्या भागात, किल्ल्याजवळच्या दर्ब अल-लब्बाना गल्लीत एका जुन्या वाड्यात ते राहत, सोबतीला मांजरं. गुर्नाची सगळी हकिकत त्यांनी लिहून काढली. ती १९६९ मध्ये इजिप्तमध्ये छापली गेली आणि १९७३ मध्ये अमेरिकेतून ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावानं निघाली. त्या पुस्तकानं चित्र पालटलं. जे गाव फसलं, त्याच गावाच्या पुस्तकामुळे जगभरचे तरुण वास्तुविशारद मातीकडे वळले. १९८० साली त्यांना आगाखान पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान आणि राइट लाइव्हलीहूड पुरस्कार असे दोन्ही मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अॅबिक्यू इथे त्यांनी मातीच्या विटांची मशीद उभारली, तेव्हा सोबत नुबियाचे गवंडी नेले होते. एक गंमत मात्र अशी, की उतारवयात त्यांच्याकडून मातीची घरं बांधून घेणारे बहुतेक लोक श्रीमंत होते.

आता दाबून केलेल्या विटेकडे येऊ, कारण पालकांना आज बाजारात दिसते ती ही वीट. फथींची वीट हातानं साच्यात थापलेली होती, यंत्रात दाबलेली नव्हती. यंत्राची गोष्ट १९५० च्या दशकातली, कोलंबियातल्या बोगोटा शहरातली. तिथल्या गृहनिर्माण संशोधन केंद्रात राउल रामिरेझ नावाच्या इंजिनिअरनं एक साधं लोखंडी यंत्र बनवलं, त्याला सिनव्हा-राम म्हणतात. पेटीत किंचित ओलसर माती भरायची, झाकण लावायचं आणि लांब दांडा खाली ओढायचा. वीज नाही, इंजिन नाही. फथींच्या वाटेवरचा प्रश्नच इथे दुसऱ्या टोकानं सोडवलेला दिसतो. फथींनी आकार सुधारला, यांनी वीट.

दाबल्यानं नेमकं होतं काय? चिखलात पाणी भरपूर असतं. ते उडून गेलं की त्याच्या जागी पोकळ्या राहतात. दाबून करायच्या विटेत पाणी अगदी कमी असतं, मुठीत गोळा वळेल पण हाताला चिखल लागणार नाही इतकंच. दाबामुळे हवा निघून जाते, कण एकमेकांत गच्च बसतात आणि तेवढ्याच आकारात जास्त माती मावते. त्यात साधारण पाच टक्के सिमेंट मिसळलं आणि तीन-चार आठवडे ओलं ठेवलं, की वीट पाण्यातही विरघळत नाही. भट्टी लागत नाही, त्यामुळे कोळसा आणि लाकूड वाचतं. आपल्या देशात अशा विटांसाठी आयएस १७२५ हे मानक आहे. त्याच्या १९८२ च्या आवृत्तीत दर चौरस सेंटीमीटरला किमान २० किलो आणि ३० किलो असे दोन वर्ग होते. वर आपण काढलेला एक-दोन किलोंचा भार आठवा, म्हणजे हे आकडे किती मोठे आहेत ते कळेल.

पण कोणतीही माती चालत नाही हो. वरची, शेतीची, पालापाचोळा कुजलेली माती नको, खालची हवी. निम्म्याहून जास्त वाळू-खडे आणि साधारण पाचवा हिस्सा चिकणमाती असेल तर उत्तम. आपली कापसाची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. ती एकटी या कामाची नाही, मुरमाड माती बरी. फथींच्या इजिप्तमध्येही पुढे हा प्रश्न आलाच. अस्वानचं उंच धरण १९७० मध्ये पुरं झाल्यावर नाईलचा गाळ खाली येईनासा झाला, तरी वीटभट्ट्या शेतातली माती खरवडत राहिल्या. शेवटी १९८० च्या दशकात शेतजमिनीची माती विटांसाठी काढायला सरकारला बंदी घालावी लागली. माती फुकट आहे म्हणून ती अक्षय आहे, असं नाही.

माती कशी आहे ते पाहायला शाळेत काचेची बरणी पुरते. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खूप हलवा आणि एक दिवस स्थिर ठेवा. खाली खडे-वाळू, मग गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात, ते मुलांना पट्टीनं मोजू द्या. मग काड्यापेटीच्या साच्यात तीन विटा करा. एक सैल चिखलाची, दुसरी ओलसर मातीची लाकडी ठोकळ्यानं गच्च दाबलेली, तिसरी तशीच दाबलेली पण चमचाभर सिमेंट घातलेली, आणि ही तिसरी आठवडाभर ओल्या फडक्यात ठेवायची. सिमेंटला हात मोठ्यांनीच लावावा. सुकल्यावर तिन्ही विटा एका वेळी पाण्यात सोडा आणि घड्याळ लावा. पहिली वीट बसते तेव्हाचे मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. मराठवाड्यातला कोणीही वाचक आतापर्यंत मनात म्हणत असेल, की आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागातली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. ती घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि वर लाकडावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. भूकंपात जमीन आडवी हलते आणि भिंतीत ताण येतो. मातीचा सांधा ताण घेत नाही, हे आपण वर पाहिलंच. त्यात डोक्यावर प्रचंड वजन. नुबियाची कमानदार छतंही भूकंपाच्या प्रदेशात जशीच्या तशी बांधू नयेत, कारण ती भिंतींना बाहेर ढकलतात. आज दाबलेल्या विटा पोकळ करून त्यांतून लोखंडी सळया सोडतात आणि भिंतीभोवती काँक्रीटचे पट्टे घालतात. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये दाबलेल्या विटांची पुष्कळ घरं उभी राहिली. म्हणून मातीचं घर भक्कम असतं का, या प्रश्नाला मुलांसमोर नुसतं हो किंवा नाही म्हणू नये.

नव्या गुर्नाचं पुढे काय झालं? काळाच्या ओघात लोक राहायला आले, पण ते जुन्या गुर्नाचेच होते असं नाही. कुटुंबं वाढली तशी काहींनी घुमट पाडून काँक्रीटचे मजले चढवले. धरणामुळे शेतांना बारमाही पाणी मिळू लागलं, जमिनीखालची पातळी वर आली आणि क्षार भिंतींत चढले. विटा वजनानं नव्हे, खालून ओलाव्यानं पोखरल्या गेल्या. २०१० मध्ये धोक्यातल्या वारशांच्या जागतिक यादीत या गावाचं नाव आलं आणि युनेस्कोनंही जतनाचं काम हाती घेतलं. मशीद मात्र उभी आहे आणि वापरात आहे. जुन्या गुर्नाचे लोक अखेर डोंगरावरून हलवले गेले ते २००६ नंतर, सिमेंटच्या घरांत.

फथी ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोत वारले. त्याच वर्षी तामिळनाडूत पुदुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये मातीच्या बांधकामाची संस्था सुरू झाली आणि तिथलं अभ्यागत केंद्र दाबलेल्या मातीच्या विटांनी बांधलं जाऊ लागलं. तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, त्या इमारतीला पुरस्कार मिळाला. पुरस्कार गरिबांच्या वास्तुकलेसाठीचा होता आणि हसन फथींच्या नावाचा होता. शाळेची सहल कधी त्या बाजूला गेली तर तिथल्या कमानींखाली मुलांना थोडा वेळ उभं करा. भिंतींना गिलावा नाही, त्यामुळे एकेक वीट मोजता येते आणि हातही लावता येतो.